जळालेला ईसीएम : आयसी बदलण्याआधी काय बघायचं

ईसीएमचं, म्हणजे गाडीचं इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरच्या डब्याचं, झाकण उघडलं, आत काळा डाग दिसला, की फोटो काढला जातो आणि प्रश्न येतो, "मिस्त्री, हा कुठला पार्ट आणि कुठं मिळंल?" पार्ट सांगता येतो. बहुतेक वेळा मिळतोही. तो बसवून गाडी दिली की आठ-पंधरा दिवसांत तीच गाडी परत, डाग त्याच जागी, आणि या वेळी शेजारचा ट्रॅकही उडालेला. ईसीएममधले पार्ट आपल्या आपण क्वचित जळतात. बहुतेकांना बाहेरचं कुणीतरी जाळलेलं असतं, आणि ते सापडेपर्यंत सोल्डरिंग आयर्न तापवू नये, एवढंच माझं म्हणणं आहे. ते करायचं कसं, हे सांगतो.

मी मुळात टीव्हीवाला. कोल्हापुरात उद्यमनगरात बसतो, आता टेबलावर टीव्हीऐवजी ईसीएम असतात. डबा टीव्हीच्या काळात हॉरिझॉन्टल आउटपुटचा ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, की नवा टाकण्याआधी एलओटी, म्हणजे तो ट्रान्झिस्टर चालवतो तो ट्रान्सफॉर्मर, तपासायची, हे उस्तादानं पहिल्याच महिन्यात डोक्यात भरवलं होतं. न तपासता टाकला की दोन सेकंदांत धूर आणि ट्रान्झिस्टरचे पैसे पगारातून. ईसीएमला तीच शिस्त लागू आहे. एलओटीच्या जागी इथं इग्निशन कॉइल असते, इंजेक्टर असतो, अर्थची पट्टी असते किंवा उंदीर असतो.

ज्यांना मीटर धरता येतं आणि एसएमडी (बोर्डाच्या पाठीवर बसणाऱ्या बारीक पार्टांचं) सोल्डरिंग जमतं त्यांच्यासाठी हे आहे. एअरबॅग आणि एबीएसचे मॉड्यूल यात धरू नका. त्यांना मी हात लावत नाही.

डबा उघडण्याआधी

पहिलं काम चौकशीचं. गाडी बंद पडायच्या आधी काय काय झालं, ते मालकाला विचारा. पहिलं उत्तर ठरलेलं: "काय न्हाई हो मिस्त्री, सकाळी सेल्फ मारला, उठलीच न्हाई." चहा सांगा, परत विचारा. मग निघतं: "मागं ट्रॉलीचा हूक तेवढा वेल्डिंग करून घेतला हुता."

विचारायचं ते असं. वेल्डिंग झालं का, आणि तेव्हा बॅटरी काढली होती का? जंप दिला का, कशावरून? बॅटरी बदलताना टर्मिनल उलटी लागली का? क्लचचं किंवा गिअरबॉक्सचं काम झालं का? सीएनजी किट, मोठा हॉर्न, फॉग लॅम्प, अलार्म यातलं नवीन काही बसवलं का? इंजिन पाण्याच्या प्रेशरनं धुतलं का? आणि कुठला फ्युज उडाला होता, त्या जागी कितीचा टाकला? हा शेवटचा प्रश्न विसरू नका. १५ अँपिअरच्या जागी ३० चा फ्युज किंवा तांब्याची तार सापडली, की निम्मं निदान तिथंच झालं.

मग बॅटरी. विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास, सेल्फ मारताना साडेनऊच्या खाली जाऊ नये. बॅटरी मरकी असताना ईसीएमवर शेरे मारू नयेत.

यानंतर ईसीएमला पॉवर आणि अर्थ नीट मिळतात का ते बघायचं, आणि इथं नुसतं मीटर फसवतं. ईसीएमचा कपलर काढा, वायरिंग डायग्राममधून पॉवरच्या आणि अर्थच्या पिना काढा. इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घ्या. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं कपलरच्या पॉवर पिनेला. मग उलट, एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं प्रत्येक अर्थ पिनेला, एकेक करून. बल्ब पूर्ण उजेडानं पेटला पाहिजे. तो पावणेदोन अँपिअर ओढतो. वायरीतला एकच तंतू शिल्लक असला तरी मीटर निवांत १२.४ दाखवतं, कारण मीटर जवळजवळ काहीच ओढत नाही. बल्ब मात्र लालसर मिणमिणतो. मेन रिलेतून येणाऱ्या पिनांना कपलर काढल्यावर सप्लाय दिसणार नाही, कारण बऱ्याच गाड्यांत तो रिले ईसीएमच ओढतो. रिले काढून सॉकेटमधल्या ३० आणि ८७ नंबरच्या पिना फ्युज असलेल्या वायरीनं जोडा, मग मोजा. कपलरच्या पिनेत मीटरची जाड सुई खुपसू नका. आतली पकड सैल झाली की तुम्हीच एक नवा फॉल्ट तयार केलात. पातळ पिन वापरा किंवा मागून वायरीच्या बाजूनं शिरा.

एवढं ठीक निघालं तर ५ व्होल्टची लाइन. ईसीएम सेन्सरांना ५ व्होल्ट पुरवतो: एमएपी (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा), थ्रॉटल, ॲक्सिलरेटर पेडल वगैरे. की ऑन करून सेन्सरच्या कपलरवर मोजा, ४.९ ते ५.१ हवेत. अर्धा व्होल्ट दिसला तर "ईसीएम गेला" म्हणण्याची घाई नको. एकेक सेन्सरचा कपलर काढत जा. कुठला तरी एक काढल्यावर मीटर टुणकन ५ वर येतं, आणि तोच सेन्सर शॉर्ट असतो. एसीचा प्रेशर सेन्सर बऱ्याचदा याच लाइनवर असतो. तो पुढं रेडिएटरजवळ बसतो, पाणी खातो आणि सगळे त्यालाच विसरतात. सगळे सेन्सर काढूनही लाइन उठली नाही तर ईसीएमचा कपलर काढून त्या वायरीचा अर्थशी रेझिस्टन्स बघा. वायर शॉर्ट असेल तर हार्नेस उलगडा. वायर स्वच्छ असेल तर आता, फक्त आता, ईसीएम संशयित झाला.

माझ्याकडे "जळालेला" म्हणून येणाऱ्या ईसीएमपैकी बरेच इथूनच परत जातात, न उघडता. त्याचेही पैसे घ्यावेत. निदान हे कामच आहे.

काढताना आणि उघडताना

की बंद करून पाच-दहा मिनिटं थांबा, मग बॅटरीचा मायनस काढा. काही ईसीएम की बंद झाल्यावरही मेन रिले थोडा वेळ धरून ठेवतात आणि आतली नोंद लिहून घेतात; त्या मधेच तोडू नयेत. डबा काढण्याआधी वायरींचा आणि कपलरचा फोटो, लेबलवरच्या सगळ्या नंबरांचा फोटो.

कपलरच्या पिना भिंगाखाली बघा. हिरवट-पांढरी बुरशी म्हणजे पाणी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरानंतर आमच्याकडे पुरातल्या गाड्यांचे ईसीएम आले, त्यात बोर्डावर जळालेलं असं काही नसलेलेही होते. पिनांच्या मुळाशी गाळ आणि गंज, एवढंच. जे पार्ट जळाले ते पाणी उतरल्यावर "बघू चालू होते का" म्हणून की फिरवणाऱ्यांचे. भिजलेली गाडी असेल तर आधी बॅटरी सोडवा, बाकीचं सावकाश.

झाकण स्क्रूचं असेल तर सोपं. सिलिकॉननं चिकटवलेलं असेल तर कडेनं हॉट एअर फिरवून झाकण हाताला चटका बसेल इतपत तापवा आणि पातळ पातं तीन-चार मिलिमीटरच आत घाला. खोल घातलं की कडेचे कपॅसिटर उडतात, आणि मग मूळ फॉल्ट कुठला नि आपला कुठला हे कळत नाही. आत मऊ पारदर्शक जेल आणि त्याखाली केसासारख्या बारीक तारा दिसल्या तर झाकण परत लावा. तो सिरॅमिकवरचा हायब्रिड बोर्ड, त्या तारा सोल्डरच्या नसतात आणि बोटाच्या धक्क्यानं तुटतात.

डिझेल कॉमन रेलचा ईसीएम असेल तर एक खबरदारी. सोलेनॉइड इंजेक्टर झटक्यात उघडावा म्हणून आत १२ व्होल्टचे साधारण ६५ ते ८० व्होल्ट करणारं सर्किट असतं, पिझो इंजेक्टरला याहूनही जास्त. ते मोठ्या कपॅसिटरमध्ये साठलेले असतात. बोर्डाला हात लावण्याआधी १ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर लावून कपॅसिटर उतरवा आणि मीटरनं खात्री करा. स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडण्याची मर्दुमकी नको.

हॉट एअर बोर्डावर चालवण्याआधी मेमरी वाचून ठेवा. इमोबिलायझरचा (चावी ओळखणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा) डेटा बऱ्याच ईसीएममध्ये आठ पायांच्या ईईप्रॉममध्ये असतो: २४सी०२, ९३सी६६, ९५१६० अशा नंबरांच्या, नव्यांमध्ये प्रोसेसरच्या पोटातच. ती प्रत हातात असेल तर उद्या बोर्ड मेला तरी सेकंडहँड ईसीएम या गाडीच्या चावीशी जुळवता येतो. नसेल तर गिऱ्हाईकाला चाव्यांसकट कंपनीच्या दारात जावं लागतं.

काळा डाग वाचायचा कसा

आधी नाक. झाकण उघडल्याबरोबर जळक्या फायबरचा वास वेगळा, आणि कपॅसिटरमधून गळलेल्या द्रवाचा मासळीसारखा वास वेगळा. मग दहापट भिंगाखाली सावकाश फिरा. आयसीच्या पाठीवर फुटलेला खळगा म्हणजे आत मोठा शॉर्ट झाला. नुसती चीर आणि पायांभोवती तपकिरी वर्तुळ म्हणजे तो बरेच दिवस तापत होता. पार्ट ठणठणीत पण त्याच्याकडे जाणारा ट्रॅक वितळून मण्यांसारखा झालाय, म्हणजे त्या वाटेनं नको तेवढा करंट वाहिला. तिथं पार्टाची काही चूकच नाही.

आता मुख्य गोष्ट. जळालेल्या पार्टाचा नंबर वाचत बसण्याआधी त्याची पिन शोधा. मीटर बीपवर ठेवा, एक सुई जळालेल्या पार्टाच्या जाड पायावर किंवा त्याच्या तांब्यावर, दुसरी ईसीएमच्या कपलरच्या पिनांवर एकेक करून सरकवत न्या. कुठल्या तरी पिनेवर बीप येईल. कपलरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत पिनांचे नंबर छापलेले असतात, त्यावरून मोजा आणि डायग्राम काढा. ती पिन कुठं जाते? दोन नंबरच्या इंजेक्टरला? कॉइलला? फ्युएल पंपाच्या रिलेला? जिथं जाते तिथं तुमचा गुन्हेगार बसलाय, किंवा तिथं जाणाऱ्या वायरीत. डायग्राम नसेल तर गाडीकडच्या कपलरमधून त्याच पिनेची वायर पकडा आणि बीप घेत इंजिनपर्यंत जा. वेळ लागतो, पण चुकत नाही.

नंबर जळून गेलाय म्हणून अडायचं कारण नाही. इंजिनात सिलिंडर चार, म्हणून बोर्डावर एकाच कामाचे पार्टही जोडीनं नाहीतर चौकडीनं बसलेले असतात. शेजारचा जुळा शाबूत असतो, त्याचा नंबर वाचा. त्याच जुळ्यावर मोजमापही करा: मीटर डायोडवर ठेवून जुळ्याच्या पायांमधले आकडे लिहा, मग आजाऱ्याचे. बोर्डावर बसलेल्या पार्टाचे आकडे एकटे काहीच सांगत नाहीत, दोघांमधला फरक सांगतो. कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या बऱ्याच ट्रान्झिस्टरांमध्ये, म्हणजे आयजीबीटींमध्ये, गेट आणि एमिटर या पायांच्या मध्ये आतच रेझिस्टर असतो. ते माहीत नसलं की चांगल्या पार्टाला लोक "लिकेज आहे" म्हणून काढतात. जुळ्यावरही तसंच दिसलं की शंका मिटते.

डाग कुठं, तर बघायचं कुठं

पॉवर आत येते तिथला जाड चौकोनी डायोड शॉर्ट असेल, आणि की फिरवल्याबरोबर फ्युज उडत असेल, तर तो टीव्हीएस डायोड. जादा व्होल्टेज आलं की ते स्वतःवर घेऊन मरायचं, एवढंच त्याचं काम. बॅटरी उलटी लागली तरी तोच जातो. २४ व्होल्टचा जंप हेही कारण: गाडीची इलेक्ट्रॉनिक्स साधारणपणे २४ व्होल्ट एखादं मिनिट सोसेल अशी बनवलेली असते, पण ट्रकचं इंजिन चालू ठेवून २८ व्होल्ट पाच-पाच मिनिटं दिले की ती मुदत संपते. तिसरं कारण आपल्याच गॅरेजांतलं. इंजिन चालू ठेवून बॅटरीचं टर्मिनल काढायचं आणि गाडी बंद पडली नाही की "डायनामो चांगलाय" म्हणायचं! कार्ब्युरेटरच्या काळात ते खपून गेलं. बॅटरी अचानक सुटली की अल्टरनेटर क्षणभर ८०-१०० व्होल्टपर्यंत जाऊ शकतो, आणि तो सगळा मार या डायोडवर येतो. डायोड काढून टाकला की गाडी चालू होते हे खरं. तशी देऊ नका, पुढच्या वेळी मार झेलायला कुणी उरत नाही.

अर्थचा ट्रॅक वितळलाय: इंजिन आणि बॉडीमधली अर्थची पट्टी बघा. क्लचचं काम झालं का, हा प्रश्न त्यासाठी होता. गिअरबॉक्स उतरवताना पट्टी सोडतात, आणि परत लावताना बोल्ट तेलकट, रंगलेल्या जागेवर आवळतात किंवा पट्टी लोंबती ठेवतात. छोट्या गाडीचा स्टार्टरही शंभराच्या वर अँपिअर मागतो. मोठी वाट बंद दिसली की तो करंट ईसीएमच्या बारीक अर्थ वायरींतून परतायला बघतो. मोजायचं सोपं आहे: मीटर डीसी व्होल्टवर, लाल सुई इंजिनच्या ब्लॉकवर, काळी बॅटरीच्या मायनसवर, आणि सेल्फ मारायला सांगा. ०.२ व्होल्टच्या आत असेल तर छान. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर पट्टी काढा, दोन्ही जागा पॉलिश पेपरनं चकाकेपर्यंत घासा.

इंजेक्टरचा ड्रायव्हर (त्याला चालू-बंद करणारा बोर्डावरचा पार्ट) गेलाय: पेट्रोल गाडीच्या नेहमीच्या इंजेक्टरचा रेझिस्टन्स १२ ते १६ ओहम असतो, चारही जवळपास सारखे हवेत. ते ठीक असतील तर वायर. ईसीएम इंजेक्टरला अर्थच्या बाजूनं ओढतो, त्यामुळं ती वायर सोलवटून कुठं प्लसला टेकली की ड्रायव्हर चालू झाल्याक्षणी त्याच्यावर थेट बॅटरी येते. सीएनजी किट बसवताना इंजेक्टरच्या वायरी कापून मध्ये जोड दिलेले असतात; पीळ मारून वर चिकटपट्टी, असले जोड इंजिनच्या उष्णतेत उघडे पडतात. उसाच्या फडाशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत हेच काम उंदीर करतात.

आयडलच्या स्टेपर मोटरचा ड्रायव्हर, टीएलई ४७२९ सारखा, फुटलेला असेल तर मोटरच्या दोन्ही गुंडाळ्या मोजा, दोन्ही सारख्या पाहिजेत. बाकी कॅनचा किंवा के-लाइनचा (ईसीएम ज्यांवरून दुसऱ्या मॉड्यूलशी आणि स्कॅनरशी बोलतो त्या लाइनींचा) छोटा आठ पायांचा आयसी गेला असेल तर वेल्डिंग किंवा कुणी डायग्नोस्टिक सॉकेटमध्ये केलेला उपद्व्याप. बॅटरी सोडून सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या, म्हणजे कॅनच्या, पिनांमध्ये ६० ओहमच्या आसपास दिसायला हवं. काही गाड्यांत मध्ये गेटवे असतो, तिथं हा आकडा वेगळा येऊ शकतो.

कॉइलचा ड्रायव्हर मात्र सवडीनं सांगतो.

एक गाडी, एक-चारची कॉइल

चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक, मागून बसवलेलं सीएनजी किट, दोन कॉइलची: एक कॉइल एक आणि चार नंबरला, दुसरी दोन आणि तीनला. तक्रार अशी की गाडी भयंकर मिसिंग करते, चढ चढत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी ईसीएम उघडून एक-चारचा आयजीबीटी बदलून झाला होता. काही दिवस चालली, मग पुन्हा तेच. नवी कॉइलही टाकून झाली होती, आणि ती नवी कॉइल फुगलेली.

कॉइल फुगली यावरूनच आयजीबीटी शॉर्ट असणार हे कळतं. कॉइलच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स साधारण अर्धा ते एक ओहम. ड्रायव्हर शॉर्ट होऊन कायमचा चालू राहिला की तिच्यातून सलग १५-२० अँपिअर वाहतात; फ्युज उडाला तर बरं, नाहीतर कॉइल शिजते. डबा न उघडता याची परीक्षा होते: इंजिन बंद, की ऑन, अर्धा-एक मिनिट थांबून कॉइलला हात लावा. गार असायला पाहिजे. भाजली तर लगेच की बंद करा. म्हणजे ड्रायव्हर कॉइल मारतो आणि कॉइल ड्रायव्हर मारते, दोन्ही बाजूंनी. एकच बाजू बदलून भागत नाही.

पण सुरुवात कुणी केली? ठिणगीचं गणित असं. आयजीबीटी प्रायमरीचा करंट तोडतो आणि कॉइलमध्ये साठलेली शक्ती सेकंडरीतून प्लगच्या फटीत ठिणगी होऊन जाते. ठिणगीला वाट मिळाली नाही, म्हणजे प्लगची केबल आतून तुटलीय किंवा फट फार मोठी झालीय, तर ती शक्ती प्रायमरीकडे परत येते. आयएसएल ९व्ही३०४० सारख्या आयजीबीटीत चारशे व्होल्टच्या आसपास आतच क्लॅम्प असतो; तो ती शक्ती पोटात घेऊन उष्णतेत घालवतो. कधीमधी झालं तर त्याला काही होत नाही. मिनिटाला हजारो वेळा, दिवसभर, हे त्याच्या ताकदीबाहेरचं आहे. त्यात सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून सीएनजीवर झिजलेले प्लग आणि जुन्या केबल आधी उघड्या पडतात.

प्लग काढले. इलेक्ट्रोडची धार गोल झालेली, फट दीड मिलिमीटरला टेकलेली. सीएनजीच्या गाडीला मी पाऊण मिलिमीटरच्या आसपास ठेवतो. केबल मोजल्या. तीन केबल चार-पाच किलोओहममध्ये. चार नंबरची टेबलावर सरळ ठेवली की सहा, आणि प्लगकडच्या बुटाजवळ वाकवली की मीटर अनंतात. गाडीत ती नेमकी तशीच वाकून बसत होती. अशा जोडीच्या कॉइलमध्ये एक आणि चारचे प्लग एकाच वाटेवर असतात, त्यामुळं चारची केबल तुटली की दोघांच्याही ठिणगीवर गदा.

नव्या कॉइलची परीक्षा करंट क्लॅम्प आणि ऑसिलोस्कोपवर घेतली. चांगल्या कॉइलचा करंट तिरप्या रेषेत चढतो, अशा कॉइलला दोन-तीन मिलिसेकंदांत सहा-सात अँपिअरपर्यंत. आतले वेढे एकमेकांना टेकले असतील तर रेषा सुरुवातीलाच उभी उडी मारते. मीटरला हे दिसत नाही, अर्ध्या ओहममधला फरक त्याच्या सुयांच्या वायरीतच हरवतो.

बोर्डावर एक काम उरलं होतं. आयजीबीटी शॉर्ट होताना कलेक्टरकडचं व्होल्टेज गेटवर येऊ शकतं आणि गेटच्या रेझिस्टरवाटे मागं प्रोसेसरपर्यंत. रेझिस्टर मोजला, जुळ्याइतकाच निघाला. आयजीबीटी न बसवता बोर्ड चालवून गेटच्या जागेवर स्कोप लावला, सेल्फ मारायला सांगितला, ५ व्होल्टचे चौकोनी पल्स आले. प्रोसेसरचा तो पाय जिवंत होता. पल्स आले नसते आणि मध्ये दुसरा ड्रायव्हर आयसी नसता, तर तिथंच हात जोडले असते.

पार्ट बदलताना

नंबर तोच घ्या, आणि जमलं तर खात्रीच्या ठिकाणचा. स्वस्त मिळणारे बरेच पार्ट जुन्या बोर्डावरून उखडून घासूनपुसून विकलेले असतात. पायांवर जुनी कथिलाची सूज दिसते.

या पार्टांची पाठ तांब्याच्या मोठ्या पट्टीवर सोल्डर केलेली असते, ती उष्णता ओढून घेते. बोर्ड खालून १२०-१५० अंशांपर्यंत तापवून घेतला तर वरून हॉट एअर ३५० च्या आसपास पुरतो. खालून न तापवता नुसतं वरून ४५० मारलं की पॅड उचकटतं.

जळालेल्या जागी बोर्डाचं फायबर काळं पडून कोळसा झालेलं असतं, आणि कोळशातून करंट वाहतो. नवा पार्ट त्यावरच बसवला की तो शॉर्टमध्येच जन्माला येतो. ब्लेडनं, बारीक बरनं, काळं संपून स्वच्छ फायबर लागेपर्यंत खरवडा, आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोलनं) धुवा, आणि शेजारच्या दोन ट्रॅकमध्ये मेगाओहम दाखवतं का ते बघा. खड्डा पडला तर इपॉक्सी भरा. गेलेल्या ट्रॅकच्या जागी पुरेशा जाडीची इनॅमल वायर घाला. बोर्ड अनेक थरांचा असतो. आतला थर जळाला असेल तर तो कापून बाहेरून वायर नेता येते का ते बघा. जमत नसेल तर गिऱ्हाईकाला तसं स्पष्ट सांगून पैसे न घेता परत द्या.

गाडीत लावण्याआधी टेबलावर करंट मर्यादा असलेल्या सप्लायनं १२ व्होल्ट द्या, मर्यादा अर्ध्या अँपिअरवर. चांगला ईसीएम रिकामा बसून साधारण काहीशे मिलिअँपिअरच घेतो. सप्लाय लगेच मर्यादेला टेकला तर अजून कुठंतरी शॉर्ट आहे. व्होल्टेज एक व्होल्टवर आणा, बोर्डावर आयपीएचे थेंब पसरवा. जिथून आधी वाळेल तो पार्ट तापतोय.

परत जोडताना

दुरुस्त झालेला ड्रायव्हर पहिल्यांदा खऱ्या कॉइलवर चालवू नका. कॉइलचा कपलर काढून तिच्या जागी ५ वॅटचा बल्ब लावा. की ऑनला बल्ब बंद, सेल्फ मारताना लुकलुकला, सोडल्यावर पुन्हा बंद: मग खरी कॉइल. इंजेक्टरलाही हीच रीत. की ऑनलाच बल्ब कायम पेटला तर वायर अर्थला टेकलीय किंवा तुमचं सोल्डर.

नवे प्लग, नव्या केबल, तपासलेली कॉइल, घासलेली अर्थची पट्टी आणि योग्य अँपिअरचा फ्युज, हे सगळं गाडीत बसल्यावरच ईसीएम लावायचा. केबलचे पैसे द्यायला मालक कुरकुरतो. "ईसीएम नीट झाला ना, मग केबल कशाला?" तुटलेली केबल त्याच्या हातात द्या, मीटर लावून त्याच्याच हातानं वाकवायला सांगा.

इंजिन पूर्ण तापेपर्यंत, एसी आणि हेडलाइट लावून चालवा. ईसीएमच्या अर्थ पिनेपासून बॅटरीच्या मायनसपर्यंतचा ड्रॉप परत मोजा, तो ०.१ व्होल्टच्या आत हवा. मग झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करनं तारीख, बदललेला पार्ट आणि त्याची पिन लिहून टाका. काही महिन्यांनी तोच ईसीएम परत आला आणि बीप त्याच पिनेवर वाजला, तर सोल्डरिंगला हात घालू नका, गाडी मागवून घ्या आणि त्या वायरीचा एकेक जोड उघडून बघा.